नाव, पत्ता, धंदा

पूर्णिमाचं लग्न झालं ते साल दोन हजार पंचवीस. लग्नपत्रिका ज्या खोक्यांतून आल्या त्यांचे जाड पुठ्ठे तिच्या धाकट्या बहिणीनं, सौंदर्यानं, पलंगाखाली सरकवून ठेवले होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका रविवारी सकाळी ते बाहेर निघाले आणि ती त्यांच्यावर राजकीय पक्ष रंगवत बसली. पुठ्ठा हलू नये म्हणून तिची आज्जी रत्नव्वा त्याच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून बसली होती.

तो अंगठा पार गुळगुळीत होता. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तेवीस वर्षं वाळू चाळून आणि साच्यात ठासून त्याच्यावरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तो उठत नसे. दुकानदार दर महिन्याला म्हणायचा की आज्जी, तुम्ही हायसा का न्हाय ते मशीनला कळंना बघा. मग रत्नव्वा पदराला हात पुसून रजिस्टर मागून घ्यायची आणि सावकाश, मोठ्या अक्षरात सही करायची. सही करताना आजूबाजूला कोण बघतंय याच्याकडे तिचं लक्ष असायचं.

सौंदर्या राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. बुधवारी संविधान दिन, आणि त्या दिवशी कॉलेजात स्पर्धा होती. जिथं निरनिराळ्या वंशांची माणसं एकत्र राहतात असा एक देश घ्यायचा, त्याच्या इतिहासातली एक गोष्ट बदलायची, आणि मग तिथं कोणते पक्ष निघाले असते ते मांडायचं. बघायला येणाऱ्यांनी त्या पक्षांना मतं द्यायची. पहिला येणारा गट पुण्याला जाणार होता. सौंदर्यानं आणि तिच्या वर्गातल्या सम्राटनं दक्षिण आफ्रिका घेतली होती.

खरं तिथं काय घडलं ते तिनं आज्जीला आधीच सांगितलं होतं. काळ्या माणसाला आपल्याच देशात रस्त्यानं चालायला पास लागायचा. बसायची बाकडी वेगळी, दवाखाने वेगळे. सगळ्यांना मत मिळायला एकोणीसशे चौऱ्याण्णव साल उजाडलं. ऐकताना रत्नव्वाच्या हातातली शेंग सोलायची राहिली होती. आता सौंदर्या सांगत होती ते न घडलेलं. तिच्या देशात एकोणीसशे दहा सालीच काळ्या-गोऱ्यांना सारखं मत मिळालं होतं. पास नव्हता. बाकडी एकच होती.

चार पुठ्ठे, चार पक्ष. हिरव्यावर 'एक माती पक्ष'. यात काळे मास्तर, गोरे वकील आणि दोन्ही रंगांचे पाद्री. तपकिरी पुठ्ठा 'वाडवडील पक्षा'चा, गोऱ्या शेतकऱ्यांचा. ते दर निवडणुकीला थोडे कमी निवडून येत आणि दर वेळी म्हणत की पुढच्या खेपेला बघा. लाल रंगात 'खाण कामगार आघाडी'. सोन्याच्या खाणीत उतरणारी माणसं, सगळ्या रंगांची. निळ्यावर 'किनारा पक्ष'. ऊसतोडीला म्हणून हिंदुस्थानातनं जहाजातून नेलेल्या मजुरांची लेकरं, गुजराती दुकानदार, मलाया मुलखातनं आलेले कोळी. हा पक्ष कधीच सत्तेवर आला नव्हता आणि त्याच्या पाठिंब्याशिवाय कुणीच सत्तेवर आलं नव्हतं.

"ऊस हाय म्हंजे साखर कारखाना हाय," रत्नव्वा म्हणाली. "चेअरमन कोन?"

सौंदर्या हसली. तिनं फोनवर सम्राटला विचारलं, आणि निळ्या पुठ्ठ्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ वाढली. साखर कारखाना : दोन दावेदार, निकाल कोर्टात.

"आता खरा वाटाय लागला देश," रत्नव्वा म्हणाली. "चिन्हं काढ बघू."

"चिन्हं नाहीत, आज्जी."

"आँ? चिन्हाबिगर पक्ष कसला?"

"तिथं गरज नाही. मतदाराला वाचता येतं. नाव वाचून शिक्का मारतो तो."

"समद्यास्नी येतंय?"

"ज्यांना मत आहे त्या सगळ्यांना येतं."

रत्नव्वानं पुठ्ठ्यावरचा अंगठा उचलला. दबलेला कोपरा टणकन वर आला आणि 'किनारा'ची वेलांटी लांबवर ओढली गेली. सौंदर्यानं ओलं फडकं घेतलं आणि पुसता पुसता समजावून सांगू लागली. हे तिच्या मनचं नव्हतं. केप नावाच्या भागात खरंच असा कायदा होता. माणूस काळा असो वा गोरा, थोडीफार मालमत्ता असली आणि आपलं नाव, पत्ता आणि धंदा स्वतःच्या हातानं लिहिता आला की त्याला मत. खऱ्या इतिहासात तो कायदा तेवढ्याच भागात राहिला आणि पुढं तिथल्याही काळ्यांचं मत काढून घेतलं. आपल्या या रचलेल्या इतिहासात तो सगळ्या देशात पसरला. मालमत्तेची अट आपण काढली. बायकांनाही मत दिलं. रंग बघायचा नाही, फक्त अक्षर बघायचं. कॉलेजातल्या सरांना ही कल्पना फार आवडली होती.

"आन् अंगठेवाली?"

"ती शिकतील. शिकली की मिळेल त्यांना."

"तवर?"

"तोवर थांबायचं."

"किती साल?"

सौंदर्यानं वही उघडली. एकोणीसशे पंच्याहत्तरपर्यंत नव्वद टक्के साक्षर, असं त्यांनी धरलं होतं. रत्नव्वानं बोटांवर मोजलं.

"पासष्ट वर्सं. मरून जातंय की गं माणूस तवर."

दारात वर्तमानपत्र वाचत बसलेला तिचा मुलगा, सौंदर्याचा बाप शिवशरण म्हणाला, "अव्वा, खेळ हाय त्यो. खोटा देश हाय."

"मग खोट्या देशात तरी नीट वागाय काय हुतंय?"

शिवशरणनं वर्तमानपत्र पुन्हा वर धरलं. सौंदर्याला राग आला होता, पण ती मुद्द्यावर बोलणारी मुलगी होती. ज्याला जाहीरनामा वाचता येत नाही तो कशाच्या जोरावर मत देणार, असं तिनं विचारलं. मग तो जातीवर देतो, नाहीतर पाकीट घेऊन देतो. आपल्याकडं बघतेस ना तू, असं ती म्हणाली.

"बघतोय की. पाकीट घेनारा अंगठेवाला. आन् वाटनारा? त्यो किती शिकलाय?" रत्नव्वाचा आवाज चढला. "हितं पैल्या दिवसापासनं आमास्नी मत हाय. बैलजोडी बघून मारला शिक्का माझ्या आईनं. तिला काय कळत न्हवतं? कुठल्या पुढाऱ्यानं हिरीचं पानी तोडलं ते तिला ठावं हुतं. ते कुठं वाचून कळतंय?"

उरलेला एक कोरा पुठ्ठा रत्नव्वानं पुढं सरकवला.

"पाचवा पक्ष काढ. अंगठेवाल्यांचा."

"आज्जी, त्यांना मतच नाही. मत नाही तर पक्ष कसा असेल?"

"मत न्हाय म्हनूनच पायजे पक्ष."

सौंदर्यानं ब्रश पाण्यात बुडवला आणि बराच वेळ ढवळत राहिली. मग ती हळू आवाजात म्हणाली की ही सगळी कल्पना तिला आज्जीवरूनच सुचली होती. फौंड्रीतल्या कमिटीच्या निवडणुकीत चाळीस बायकांतून एकट्या आज्जीनं मत टाकलं, कारण तिला अक्षर येत होतं, ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलेली. बुधवारी पहिलं मत आज्जीनंच टाकायचं, असं तिनं सरांना सांगून टाकलं होतं. दारात टेबल असणार, टेबलावर रजिस्टर. आज्जी त्यात नाव, पत्ता, धंदा लिहिणार आणि मग आत जाणार. त्याचा फ्लेक्ससुद्धा छापून आला होता. पंचेचाळिसाव्या वर्षी अक्षर शिकलेल्या रत्नव्वा, आमच्या देशाच्या पहिल्या मतदार.

"तूच तर सांगितलंस ना ते," सौंदर्या म्हणाली.

सांगितलं होतं. पंगतीत सांगितलं होतं, पूर्णिमाच्या सासरच्यांना सांगितलं होतं. रत्नव्वा उठली आणि कोरा पुठ्ठा भिंतीला टेकवून आत गेली.

ती जी गोष्ट सांगायची ती अर्धीच होती.

शहाण्णव साल. साक्षरतेचे वर्ग निघाले होते. फौंड्रीच्या फाटकाबाहेरच्या शेडमध्ये, कामावरून सुटल्यावर, एक तरुण मास्तर पाट्या घेऊन यायचा. कोअर शॉपच्या बायका तिथं बसायच्या. लोखंडाच्या ओतकामात पोकळी राहावी म्हणून वाळूचे गाभे करून साच्यात ठेवतात, ते करणाऱ्या या बायका. दिवसभर वाळू, डोळ्यांत वाळू, दातांत वाळू. मास्तरनं पहिल्यांदा प्रत्येकीला आपापलं नाव शिकवलं. मग गाव. मग 'मजूर'. तीन महिन्यांत पाऊस लागला, शेड गळायला लागली आणि मास्तर यायचा बंद झाला. चाळीस जणींत एकट्या रत्नव्वाला त्या तीन ओळी पक्क्या येत होत्या. बाकीच्यांची बोटं पेन्सिलीवर वळत नव्हती. चिमणाबाई तर पाटी बाजूला सारून म्हणायची की माझ्या हातात फावडं दे, बघ कसं गिरवतो.

चिमणाबाई त्यांच्यात थोरली. पेठ वडगावची, बोलायला कुणाला न भिणारी. फौंड्रीत बायकांच्या संडासाला दार नव्हतं, पोतं लावलेलं असायचं. तोंडाला बांधायला फडकं मिळायचं नाही. कामगार कमिटीची निवडणूक लागली तेव्हा चिमणाबाई उभी राहिली. चाळीस बायका तिच्या मागं होत्या, आणि मोल्डिंगकडचे, म्हणजे साचे भरणारे, काही गडीही होते, पण ते फितणारे होते. चाळीस मतं पक्की धरली तर ती निवडून येत होती.

मग मॅनेजरनं नोटीस लावली. मतदारानं दारातल्या रजिस्टरमध्ये आपलं नाव, पत्ता आणि काम लिहायचं. मग चिठ्ठी मिळेल. चिठ्ठीवर उमेदवाराचं नाव स्वतः लिहायचं. अंगठा चालणार नाही. तोंडी चालणार नाही. बायका ऑफिसात गेल्या तेव्हा तो शांतपणे म्हणाला होता की बायकांना कुणी अडवलंय का? ज्याला लिहिता येतं त्यानं यावं. गडी असो, बाई असो.

मतदानाच्या दिवशी चाळीस जणी दारात उभ्या होत्या. रत्नव्वा पुढं झाली. तीन ओळी लिहिल्या. कारकुनानं मान डोलावली आणि चिठ्ठी दिली. आत गेल्यावर पेन्सील हातात धरून ती उभी राहिली, आणि तेव्हा तिला कळलं की तिला 'चिमणाबाई' लिहिता येत नाही. कुणी ते शिकवलंच नव्हतं. तिला फक्त रत्नव्वा लिहिता येत होतं. कोरी चिठ्ठी टाकावी तर कारकून बघत होता. बाहेर तर सगळ्यांना सांगून आलेली, मला येतंय म्हणून.

तिनं जे येत होतं ते लिहिलं.

मोजणीला कारकुनानं चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. 'रत्नव्वा, एक' असं वाचलं तेव्हा गडी हसले. ती उमेदवारच नव्हती. कुणीतरी म्हणालं की बाईला आत सोडली तर स्वतःलाच मत देऊन आली. चिमणाबाईला मोल्डिंगवाल्यांची पाच मतं पडली. दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं : महिलांसह सर्व कामगारांचे शांततेत मतदान. पुढच्या महिन्यात चिमणाबाईला कामावरून कमी केलं. ती वडगावला गेली. जाताना सगळ्यांशी बोलली, रत्नव्वाशी बोलली नाही. संडासाला दार लागायला आणखी सहा वर्षं गेली.

रत्नव्वानं नंतर शिवशरणच्या शाळेच्या जुन्या पुस्तकांवरून सगळी मुळाक्षरं गिरवली. जोडाक्षरं काढली. वर्तमानपत्र वाचू लागली. पहिल्यांदा तिनं काय लिहून बघितलं असेल तर चिमणाबाई. पण ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

सोमवारी सकाळी तिनं चार केळी पिशवीत घातली आणि कुणाला न सांगता कळंब्याच्या स्टॉपवर केएमटीची बस धरली. स्टँडवर वडगावची एसटी लागलेलीच होती. पंचगंगेचा पूल मागं पडला, शिरोलीची धुराडी आली आणि गेली. ती त्या बाजूच्या खिडकीशी बसली होती, पण तिनं तिकडं पाहिलं नाही. दसऱ्यात जुन्या कामावरची धोंडुबाई भेटली होती. तिनं सांगितलं होतं की चिमणाबाई आता अंथरुणाला खिळलीय.

बाजारतळाच्या मागच्या गल्लीत दोनदा विचारल्यावर घर सापडलं. चिमणाबाईची सून अनुजा दारात भांडी घासत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "कोन पावणं?"

"कोल्लापूरची. अक्कांच्या संगं कामाला होते."

सोप्यात बाजेवर चिमणाबाई भिंतीला टेकून बसली होती. अंगाचं पार चिपाड झालेलं. डोळ्यांवर पांढरी साय आली होती, पण मान ताठ होती. आवाजाच्या दिशेनं तिनं तोंड वळवलं.

"रत्नी काय गं? लई लौकर आलीस."

रत्नव्वा बाजेच्या पायथ्याशी खाली बसली. मुलंबाळं विचारून झाली. अनुजानं चहा आणून दिला. रत्नव्वानं बशी खाली ठेवली, परत उचलली. एकोणतीस वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, ते तोंडात आल्यावर लहानच निघालं.

"अक्का, त्या चिठ्ठीवर मी माझं नाव लिवलं. मला दुसरं लिवाय येतच न्हवतं."

"ठावं हाय मला."

रत्नव्वानं वर पाहिलं.

"त्याच दिशी ठावं हुतं," चिमणाबाई म्हणाली. "वर्गात तुझ्या शेजारी कोन बसायचं? तीन वळी यायच्या तुला. चौथी कुठनं आणशील?"

"मग इतकी वर्सं बोलला न्हाईसा ते?"

चिमणाबाईनं चहा फुंकला. कप तिनं सुनेला धरू दिला नाही.

"काय लिवलंस त्याचा राग न्हाय गं. आमी एकुणचाळीस जणी उनात उभ्या हुतो. तू आत कशापायी गेलीस?"

रत्नव्वानं पिशवीतून केळं काढलं आणि सोलू लागली.

"चाळीस जणी भाईर ऱ्हायल्या असत्या तर त्या मॅनेजरनं फळ्यावर काय लिवलं असतं?" चिमणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग कधीच वाळून त्याचं दुसरं काहीतरी झालं होतं, टणक आणि स्वच्छ. "एक बाई आत घेतली की त्येचं काम झालं. मला पाच मतं पडली त्याचं मला काय न्हाय. माझं काम गेलं त्याचंबी न्हाय. पर तू त्येला ती एक बाई दिलीस."

केळ्याचे तुकडे करून रत्नव्वानं तिच्या हातावर ठेवले. ती सावकाश खात राहिली. मग काहीतरी बोलायचं म्हणून रत्नव्वानं नातीच्या स्पर्धेचं सांगितलं. तो दूरचा देश, काळी-गोरी माणसं, चार पक्ष, साखर कारखान्याचे दोन दावेदार. चिमणाबाई दातांवाचून हसली. मग रत्नव्वानं नाव, पत्ता, धंदा सांगितलं.

"म्हंजे तितंबी दारात रजिस्टर हायच," चिमणाबाई म्हणाली. शेवटचा तुकडा खाऊन तिनं विचारलं, "मग? जानार हायस आत?"

बाहेर अनुजानं भांड्यांवर पाणी ओतलं. रत्नव्वानं केळ्याच्या साली पिशवीत भरल्या आणि उठली. निघताना ती बाजेवर वाकली तेव्हा चिमणाबाईनं तिचा हात चाचपला. आपला अंगठा तिच्या अंगठ्यावर घासून पाहिला, आणि म्हणाली, "तुझाबी गेला."

बुधवारी रत्नव्वा नातीच्या लग्नात नेसलेलं इरकली लुगडं नेसून कॉलेजात गेली. हॉलच्या दारावर फ्लेक्स होता. त्यावर तिचा पूर्णिमाच्या लग्नातला फोटो. दाराबाहेर पायऱ्यांवर कॉलेज झाडणाऱ्या चार बायका, कँटीनमध्ये चपात्या लाटणारी एक बाई आणि माळीकाम करणारा म्हातारा असे बसले होते. तेही बघायला आले होते. रजिस्टरात लिहून आत जायचं म्हटल्यावर एकमेकांना कोपरानं ढोसत, हसत खाली बसले होते. हसण्यासारखं त्यात काय होतं ते त्यांनाच माहीत. माणूस अशा वेळी हसतोच.

टेबलामागं सम्राट होता. नवा शर्ट, छातीवर 'निवडणूक अधिकारी' असा बिल्ला. बाजूला विभागप्रमुख विजयसिंह सर मोबाईल आडवा धरून उभे होते. सौंदर्यानं आज्जीला हाताला धरून पुढं आणलं.

"आज्जी, इथं. नाव, पत्ता, धंदा," सम्राट म्हणाला आणि त्यानं टोपण काढून पेन पुढं केलं.

रत्नव्वानं पेन घेतलं. रजिस्टरचं पान कोरं होतं, वर छान पट्टीनं रेघा मारलेल्या. तिनं टोपण मागून घेतलं, पेनाला लावलं आणि पेन पानाच्या मधोमध ठेवलं.

"मला लिवाय येत न्हाय."

सम्राट हसला. मग त्यानं सौंदर्याकडं पाहिलं. सौंदर्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ती आज्जीच्या कानाशी लागून काहीतरी म्हणाली. रत्नव्वानं मान हलवली नाही. सरांनी मोबाईल खाली घेतला आणि हलक्या आवाजात विचारलं की त्यांना येतं ना?

"येत न्हाय म्हनलं की," रत्नव्वा म्हणाली. "बाळा, तुमचा नेम काय हाय? येत न्हाय त्येनं काय करायचं?"

नियम सम्राटनंच टाइप केला होता. तो टेबलावर चिकटवलेला होता. त्यानं तो बघितला, जणू दुसऱ्या कुणी लिहिला होता.

"बाहेर थांबायचं," तो म्हणाला.

"किती साल?"

त्यावर नियमात काही नव्हतं. रत्नव्वा वळली. इरकलीचा पदर सावरत ती पायऱ्यांपाशी आली. कँटीनवाली बाई सरकली आणि तिनं जागा करून दिली.

आत कार्यक्रम व्हायचा तसा झाला. सौंदर्यानं चारी पक्ष मांडले. मतं मोजली. एकशे बारा झाली. खाण कामगार आघाडी पुढं होती, किनारा पक्षाच्या पाठिंब्यावर सरकार येत होतं. परीक्षक म्हणून सांगलीहून आलेल्या बाईंनी कल्पनेचं कौतुक केलं. मग त्यांनी सहज विचारलं की मतदान किती झालं ते कळलं, बाहेर किती राहिले?

सम्राटनं वही चाळली. ते मोजलं नव्हतं.

सौंदर्या मंचावरून उतरली. सगळ्या हॉलमधून चालत ती दारापर्यंत आली. उंबऱ्याच्या आत उभं राहून तिनं बोटानं एकेक मोजलं. झाडणाऱ्या चार, कँटीनवाली, माळी. आज्जीपाशी बोट क्षणभर थांबलं. मग ती परत गेली. घरून आणून भिंतीला टेकवलेला पाचवा, कोरा पुठ्ठा तिनं उचलला आणि चार पुठ्ठ्यांच्या रांगेत उभा केला. त्यावर मार्करनं तिनं फक्त आकडा लिहिला. सात.

त्यांचा गट दुसरा आला. पुण्याला फिजी बेटांवर पक्ष काढणारा गट गेला. सम्राट दोन दिवस सौंदर्याशी बोलला नाही.

परतताना केएमटीत गर्दी होती. कोल्हापुरातल्याच संभाजीनगरच्या स्टॉपवर दोघींना जागा मिळाली. पुठ्ठ्यांची गुंडाळी होत नव्हती, म्हणून सौंदर्यानं ते पाचही मांडीवर उभे धरले होते. कळंब्याच्या तुरुंगाची भिंत सुरू झाल्यावर तिनं विचारलं, "आज्जी, फौंड्रीतल्या त्या चिठ्ठीवर तू नाव कुणाचं लिहिलं होतंस?"

"माझंच."

भिंत संपेपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत राहिल्या. स्टॉप आल्यावर रत्नव्वानं तिच्या मांडीवरचे दोन पुठ्ठे आपल्या हातात घेतले आणि आधी उतरली.

चिमणाबाई एकोणीस डिसेंबर दोन हजार पंचवीस रोजी, शुक्रवारी सकाळी, पेठ वडगावात राहत्या घरी वारली. वय एक्क्याऐंशी. फौंड्रीतलं एक सोडलं तर तिनं जन्मभर एकही मत चुकवलं नव्हतं.